भरलेली गाडी कुंभार्ली घाटातून उतरवताना

हलक्या वाहनाचं लायसन्स काढून वर्ष झालं की जड वाहनाचं शिकाऊ लायसन्स मिळतं, मग आरटीओची परीक्षा. माझी परीक्षा सपाट मैदानात, रिकाम्या गाडीवर झाली. घाट मला शिकवला अण्णांनी, कराडहून साखर भरून चिपळूणला जाताना.

पहिल्याच खेपेला घाटमाथ्यावर त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. हवेचा काटा बघ, टायर ठोकून बघ, दोर ओढून बघ. मग म्हणाले, "गिअर हितंच टाकायचा. मधी गावत न्हाय."

हे मला कळलं तीन आठवड्यांनी. त्या दिवशी मी चौथ्यातच उतरायला लागलो. एका वळणाआधी वेग वाढलेला दिसला म्हणून क्लच दाबून तिसरा टाकायला गेलो. गिअर खरखरला, बसला नाही. परत चौथा टाकायला गेलो, तोही घेईना. दहाचाकी, मालासकट २८ टनांच्या घरातली गाडी न्यूट्रलमध्ये सुटली होती. अण्णा ओरडले, "ब्रेक दाबून धर, सोडू नगंस!" डोंगराच्या बाजूला घेत गाडी थांबवली, क्लीनरने उडी टाकून चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला. ब्रेक अजून गार होते, म्हणून ती थांबली. आणखी दोन किलोमीटर पाय ब्रेकवर ठेवून आलो असतो तर थांबली नसती.

नव्या मुलांचा गोंधळ इथेच होतो. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, म्हणून काट्यावर हवा पूर्ण दिसते म्हणजे ब्रेक आहेत, असं त्यांना वाटतं. पण ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं लोखंडी भांडं, तापला की फुगून लायनरपासून, म्हणजे त्याला आतून घासून धरणाऱ्या अस्तरापासून, लांब जातो आणि तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. हवा आहे, पेडलही नेहमीसारखं लागतं, आणि गाडी मात्र पळतच राहते. म्हणून गाडी रोखून धरायचं काम गिअरचं. भरलेल्या गाडीला कुंभार्लीत मी दुसरा, फार तर तिसरा ठेवतो. अॅक्सिलरेटर सोडला की इंजिनच चाकांना ओढून धरतं. सोबत एक्झॉस्ट ब्रेक लावावा, तो धुराची वाट अडवून इंजिनाला रोखतो. इंजिनचे फेरे जास्त असतील तेव्हा तो चांगला धरतो, पण फेऱ्यांचा काटा लाल पट्ट्यात जाऊ द्यायचा नाही. वेग २५ च्या पुढे सरकायला लागला की ब्रेक एकदा नीट दाबायचा, १७-१८ वर आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. पाय हलका टेकवून ठेवणं सगळ्यात वाईट, त्यानेच ड्रम भाजतात. सारखं दाब-सोड केलं तर हवा भरण्यापेक्षा लवकर संपते.

डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे आजही भेटतात. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर त्यापायी किती जीव गेले ते सगळ्यांनी वाचलंय. मला त्याचा फार राग येतो, कारण त्यात डिझेलही वाचत नाही. आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की डिझेल जाणं बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला ते लागतंच.

अरुंद वळणावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. कायदाही तेच सांगतो. जांभा चिरा भरून वर येणारा ट्रक एकदा थांबला की पुन्हा उचलताना त्याचे हाल होतात.

पोफळीला उतरल्यावर मी थांबतोच. ड्रमला हात लावत नाही, जवळ धरून धग बघतो. तापलेल्या ड्रमवर पाणी मारायचं नाही, तडा जातो. हँडब्रेकही लगेच ओढत नाही, सपाट जागा बघून चाकांना ठोकळे लावतो. सगळ्या चाकांची धग सारखी हवी. माझ्या गाडीचं डावीकडचं मागचं चाक पहिले दोन महिने जास्त तापायचं. कराडला ब्रेक सेट करून घेतले, तेव्हा ते थांबलं.