नदीत मत्स्यबीज सोडताना या चुका टाळा

नदीतले मासे कमी झाले की कोकणातल्या गावांतून पहिली मागणी होते ती मत्स्यबीजाची, म्हणजे नदीत सोडायच्या माशांच्या पिल्लांची. त्यामागची कळकळ खरी असते. मात्र बाहेरचे बीज सोडल्याने मूळ माशांचा वंशच क्षीण होऊ शकतो, याचे भरपूर पुरावे ट्राउट माशाच्या अभ्यासातून मिळाले आहेत. थंड पाण्यातला ट्राउट कोकणात तगणार नाही, परंतु त्याच्याबाबतीत झालेल्या चुका सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री किंवा काजळीच्या काठीही होऊ शकतात.

जवळच्या जातीचे बीज निर्धोक समजणे

ही सर्वांत घातक चूक आहे. अगदी वेगळ्या जातीचा मासा खाद्यासाठी आणि जागेसाठी स्पर्धा करतो, पण जवळच्या जातीचा किंवा त्याच जातीचा मासा स्थानिक माशांशी संकर करतो आणि तो संकर पुढे परत निवडून काढता येत नाही. स्लोव्हेनियातील सोचा नदीत तपकिरी ट्राउट सोडले गेले, तेव्हा तिथल्या मूळच्या संगमरवरी ट्राउटशी त्यांचा संकर होत गेला आणि शुद्ध वंश वरच्या अंगाच्या, अडथळ्यांमुळे तुटलेल्या मोजक्या ओढ्यांतच उरला. अमेरिकेच्या पश्चिम भागात इंद्रधनुषी ट्राउटमुळे कटथ्रोट ट्राउटची हीच गत झाली.

आपल्या नद्या आखूड आहेत आणि त्यांतल्या बहुतेक स्वतंत्रपणे समुद्राला मिळतात. गोड्या पाण्यातला मासा खाऱ्या पाण्यातून शेजारच्या नदीत जाऊ शकत नाही, त्यामुळे दोन नद्यांतले मासे एका जातीचे असले तरी त्यांचे वंश दीर्घकाळ वेगळे राहिलेले असू शकतात. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात गढूळ पाणी उतरू लागले की वळगणीचे मासे ओहोळांतून शेतांत चढतात. ही चढण केव्हा सुरू करायची, अंडी कुठे घालायची, अशा सवयींत आनुवंशिक वाटा असतो आणि तो त्या त्या नदीच्या पुराशी जुळलेला असतो. कोयनेचे पाणी पोफळीमार्गे वाशिष्ठीत येतेच, मग घाटावरचे बीज का नको, असा युक्तिवाद चिपळूण भागात केला जाऊ शकतो. पण ते पाणी वीजनिर्मितीसाठी बोगद्यातून 1960 च्या दशकापासून येऊ लागले. त्याआधी कोयना पूर्वेकडे कृष्णेला मिळत होती आणि वाशिष्ठी पश्चिमेकडे समुद्राला.

मोजक्या जनकांपासून लाखो बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) तयार करणे

प्राणवायू भरलेल्या पिशवीत वळवळणारी बोटुकली पाहिली की विविधता भरपूर आहे असे वाटते, पण ती सारी दोन-चार नरांची संतती असू शकते. प्रजननासाठी 100 माद्या आणि 5 नर वापरले, तर आनुवंशिक हिशेबाने ती संख्या जेमतेम 19 माशांइतकी भरते, कारण पुढच्या पिढीचा अर्धा वारसा त्या 5 नरांकडूनच येतो. अशी संतती नदीत मोठ्या प्रमाणात मिसळली की जंगली माशांची विविधताही आक्रसते. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील हूड नदीत स्टीलहेड ट्राउटवर झालेल्या अभ्यासात, बंदिस्त संवर्धनाच्या प्रत्येक पिढीमागे निसर्गातली प्रजननक्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटल्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून नदीसाठी बीज करायचेच असेल, तर जनक त्याच नदीतून दरवर्षी नव्याने घ्यावेत, नर-माद्यांची संख्या सारखी ठेवावी आणि अनेक नरांचे वीर्य एकत्र न करता प्रत्येक जोडीचे फलन वेगळे करावे.

महासीर सोडला म्हणजे संवर्धन झाले असे मानणे

महासीर हा नदीतला मोठा मासा. लोणावळ्यातील केंद्रात वाढवलेला दख्खनी महासीर चांगल्या हेतूने कावेरीत सोडला गेला. आज तिथे त्याचाच वरचष्मा आहे आणि कावेरीचा स्वतःचा कुबड्या महासीर 2018 पासून अतिसंकटग्रस्त गणला जातो. महाड तालुक्यातील वाळणकोंडी या डोहात मात्र देवीच्या श्रद्धेपोटी महासीर पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले आहेत. अशा डोहात बाहेरचा एकही मासा सोडू नये, असे मला ठामपणे वाटते. नदीची स्वतःची ठेव जिथे शाबूत आहे तिथे बिजाची गरजच नाही.

शेततळ्याचा सांडवा मोकळा ठेवणे

कटला, रोहू, मृगळ हे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे असून कोकणात ते बंदिस्त तळ्यातच ठेवावेत. पावसात तळे भरून वाहते, म्हणून सांडव्याला बारीक जाळी बसवून ती रोज साफ करावी. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले होते, हे लक्षात घेऊन नदीच्या पूररेषेत तळे खोदूच नये. बंदी असलेला थाई मागूर हा परदेशी मासा तर कुठेच ठेवू नये. मागूर गटातल्या इतर माशांशी त्याचा संकर होऊ शकतो.

बीज आधीच सोडले असेल तर

चूक सुधारण्यासाठी आणखी बीज टाकू नये. पळालेले तळ्यातले मासे विणीच्या हंगामाआधी जाळ्याने शक्य तितके काढावेत. एक-दोन पिढ्यांनंतर संकरित मासा नुसत्या डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाही, म्हणून पकडलेल्या प्रत्येक माशाच्या परांचा छोटा तुकडा कापून 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा, बाटलीवर नदी, डोह आणि तारीख लिहावी आणि तपासणीसाठी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाशी किंवा लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोशी संपर्क साधावा. अहवाल येईपर्यंत त्या नदीत बीज सोडणे थांबवावे.