रॉकेट चूल धुपतेय? लाकडाला दोष देण्याआधी या चुका बघा

माझी पहिली रॉकेट चूल तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात केली होती. आत चार इंची पाइपाचा इंग्रजी 'एल': आडव्या तोंडातून काटक्या सारायच्या, उभ्या नळीतून जाळ वरच्या भांड्याला लागतो, हीच रॉकेट चूल. पाइप नि डबा यांच्यामधल्या पोकळीत वाळू-सिमेंट ठासून भरलेलं. मजबूत व्हावी म्हणून. पेटवली तर परसभर धूर. आई नाकाला पदर लावून म्हणाली, "याच्यापेक्षा माझे तीन दगड बरे."

चूक त्या मजबुतीतच होती. वाळू, सिमेंट, जाड मातीचा थर उष्णता अडवत नाही, पिऊन टाकतो. धूर म्हणजे न जळालेलं लाकूडच. तो पेट घ्यायला साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं, आणि उभी नळी तेवढी तापलीच नाही तर तो तसाच वर निसटतो. लॅरी विनिआर्स्की यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑरेगनच्या अप्रोवेचो संशोधन केंद्रात या चुलीची तत्त्वं मांडली. आगीभोवती हलका, उष्णता अडवणारा थर हवा, हे त्यातलं अगदी मुख्य. आपल्याकडे असा माल फुकट पडलेला असतो: चुलीतली राख. चाळून, कोळसे काढून, कोरडी भरायची. महिन्या-दोन महिन्यांनी ती खाली बसते, तेव्हा वरून भर घालावी लागते. मी सिमेंट छिनीने फोडून काढलं, त्यात एक रविवार गेला. तुमच्या चुलीत काय गडबड आहे ते कळायला छिनी लागत नाही. चूल बराच वेळ पेटल्यावर डब्याजवळ हात न्या, टेकवू नका. बाहेरून चांगलीच धग लागत असेल तर जळण डबा तापवण्यात जातंय.

विटा-मातीची चूल असेल तर आणखी एक. ओल्या चुलीला जाळ लावून "धूर होतो" म्हणू नये. लिंपलेली माती आतपर्यंत वाळायला उन्हात आठवडा तरी जातो.

आता तोंड. आपल्याला साध्या चुलीत सरपण सारायची सवय. दोन जाड ओंडके घातले की तासभर बघायला नको. इथे तेच नडतं. तोंडात मध्यावर पत्र्याची एक आडवी पट्टी हवी. काटक्या पट्टीवर, आणि पट्टीखालची जागा फक्त हवेची. ती हवा निखाऱ्यांखालून तापून वर जाते, म्हणून जाळ ओढला जातो. पट्टी नसेल, किंवा वरचा भाग काठोकाठ भरला असेल, तर फुंकणी घेऊन बसावं लागणार हे ठरलेलं. अंगठ्याएवढ्या जाडीच्या चार-पाच काटक्या, मध्ये थोडी फट ठेवून, फक्त टोकं आगीत. जळतील तशा पुढे सरकवायच्या. तुराट्या, पऱ्हाट्या झकास चालतात, फक्त जवळ बसून राहावं लागतं. आणि पट्टीखालची राख रोज काढा. पहिले चार दिवस भन्नाट चाललेली चूल पाचव्या दिवशी रुसते, ती बहुतेक वेळा एवढ्याचसाठी.

भांडं काढल्यावर जाळ सुसाट आणि ठेवलं की तोंडातून धूर, असं होत असेल तर दोष जळणात नाही, भांड्याखालच्या फटीत आहे. हिशेब सोपा आहे. नळीतून जेवढ्या जागेतून धग वर येते, निदान तेवढीच जागा तिला भांड्याखालून बाहेर पडायला हवी. गोल नळीसाठी ही फट व्यासाच्या चौथ्या हिश्शाएवढी येते: चार इंची नळीला एक इंच. मी तीन नटबोल्ट उभे लावून फट बरोबर एक इंच केली आणि त्याच जळणावर पाणी लवकर तापायला लागलं. फार मोठी ठेवली तरी नुकसानच. मग धग भांड्याला न लागता वाऱ्यावर जाते. भांड्याभोवती बोटभर अंतर सोडून पत्र्याचं कडं केलं तर वाराही अडतो.

उंचीबाबत उत्साह आवरा. नळी तळापासून व्यासाच्या तिपटीएवढी, म्हणजे चार इंचीला फूटभर पुरे. आखूड नळीत ओढ कमी. फार लांब केली तर गार हवा जास्त खेचली जाते नि भांड्याला धगच कमी लागते.

पावसाळ्यातल्या तक्रारींचं मूळ मात्र खरंच लाकडात असतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तीस अंशांवरचं सात लिटर पाणी उकळीला येतं. ओली काटकी आधी स्वतःतलं पाणी उकळते, तुमचं नंतर. मोडून बघा: कडकन तुटली तर घ्या, वाकून साल सोललं गेलं तर चुलीशेजारी वाळत टाका. गार नळीला सुरुवातीला ओढ नसते, म्हणून पेटवताना जळता कागद वरून नळीत सोडायचा.

भंगारातून पाइप आणताना जस्ताचा मुलामा असलेला टाळा. तापल्यावर त्याची वाफ निघते आणि ती अंगात भरली की थंडीताप येतो. साधा लोखंडी घ्या, गंजला तरी चालेल. चूल परसातच ठेवा. धूर दिसत नसला तरी बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो.

आणि भाकरी फुगत नाही ही तक्रार असेल तर चुलीत काही बिघडलेलं नाही. इथे लाकूड जवळजवळ सगळं जळून जातं, त्यामुळे निखारे फारसे उरतच नाहीत आणि भाकरी शेकायला नेमके तेच लागतात. आमच्याकडे अंघोळीचं पाणी नि डाळ रॉकेटवर होते. भाकरीला आई अजून तिच्या तीन दगडांपाशीच बसते, आणि राखही मला तिथूनच मिळते.