बेस हवाय? मग आधी इअरफोनचं रबर बघा

बेस, म्हणजे तो खालचा घुमणारा आवाज, येत नाही म्हणून लोक लगेच महागडा इअरफोन घ्यायला धावतात, पण बऱ्याचदा दोष त्या रबराचा असतो. इन-इअरमध्ये, म्हणजे कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनमध्ये, कान नीट बंद झाला तरच बेस येतो, जराशी फट राहिली की खालचा आवाज तिथूनच निसटतो आणि उरतो तो नुसता चिरका आवाज.

डब्यातली छोटी मोठी सगळी रबरं लावून बघा, आळस करू नका. दोन कानांना वेगळी साईझ लागू शकते, माझ्या डाव्याला मीडियम आणि उजव्याला लार्ज लागतं. घालताना दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, रबर हलकं फिरवत आत सरकवायचं, मग कान सोडायचा. आता शिमग्याच्या ढोलाचं एखादं रेकॉर्डिंग लावा आणि इअरफोन बोटाने हळूच दाबा. दाबल्यावरच ढोल घुमत असेल तर रबर छोटं आहे किंवा नीट आत गेलेलं नाही. अर्ध्या तासात कान ठणकला तर मोठं आहे.

फोमचे टिप्स चिमटीत दाबून घालतात, ते आत फुगून कान बंद करतात, त्यामुळे कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातही गाडीचा धडधडाट बराच कमी होतो. पण आपल्याकडच्या दमट हवेत, घामाने फोम लवकर खराब होतो, म्हणून रोजच्यासाठी मी सिलिकॉनच वापरते, काढून धुता येतं. पूर्ण वाळवूनच परत लावा. आणि इअरफोन घेताना निदान आयपीएक्स४ (पाण्याचे शिंतोडे सोसण्याचं रेटिंग) बघा, घामाचं टेन्शन नाही.