वाहून आलेल्या ओंडक्यावरचे प्रवासी कसे ओळखायचे

पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर ओंडके, तुटलेले दोर, जाळ्यांचे फ्लोट, सरगासम शेवाळ असं कायकाय येऊन पडतं. कचरा म्हणून पुढे जाऊ नका, चिंबोरी-कोळंबीचे छोटे भाऊबंद मुख्य किनाऱ्यावरून बेटांवर कसे पोचतात ते इथेच बघायला मिळतं.

आधी एकच प्रश्न डोक्यात ठेवा, पिल्लं वाढतात कुठे? बार्नेकल म्हणजे खडकाला, बोटीला चिकटून राहणारे कवचवाले जीव, त्यांची पिल्लं पाण्यात सुटतात, काही दिवस ते काही आठवडे प्रवाहाबरोबर फिरतात आणि शेवटी जागा शोधून कायमची चिकटतात. ॲम्फिपॉड आणि आयसोपॉड या कोळंबीच्या बारक्या भाऊबंदांमध्ये मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत सांभाळते, बाहेर येतं ते आईबापासारखंच दिसणारं पिल्लू, म्हणजे सुटं वाहत जायची अवस्थाच नाही. हे बेटावर जातात ते शेवाळावर, लाकडावर, बोटीच्या बुडाला बसून. आणि यातलं मला सगळ्यात भारी वाटतं ते असं की लांबच्या बेटावर वस्ती करायला हीच पद्धत कधीकधी जास्त कामाला येते, कारण सुटी पिल्लं समुद्रभर पांगतात पण अंडीवाली एक मादी पोचली तरी अख्खं कुटुंब एका जागी उतरतं.

आता काम. उधाणाच्या भरतीनंतर ओहोटी लागली की जा, समुद्र खवळलेला असेल तर अजिबात नको. पांढरा ट्रे, समुद्राचं पाणी आणि दहापट दाखवणारं भिंग एवढं पुरे. शेवाळ किंवा दोर ट्रेमध्ये हलवा. दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा, आडवा पडून पोहणारा तो ॲम्फिपॉड, वरून चपटा तो आयसोपॉड, आणि काडीसारखा वाकत चालणारा कॅप्रेला, तोही ॲम्फिपॉडच. मादीच्या पोटाखाली भिंगातून बघा, पिशवीत अंडी दिसली तर प्रवास कसा होतो ते समोरच आहे.

मग ओंडका बघा. लवचिक देठावर पांढरे शिंपले असतील तर ते लेपास, म्हणजे देठवाले बार्नेकल, ही वस्तू बहुतेक खुल्या समुद्रात बरेच दिवस तरंगत होती. नुसते शंकूसारखे टणक बार्नेकल असतील तर आधी जेटी किंवा खडकाजवळ असण्याची शक्यता जास्त. वाहून आलेली बाटली कुठली ते ठरवताना लेबलवर फार भरवसा ठेवू नका, ती जवळून जाणाऱ्या जहाजावरून फेकलेलीही असू शकते.

तारीख, जागा आणि पेन शेजारी ठेवून फोटो, एवढी नोंद हवीच. तारीख महत्त्वाची, कारण आपल्या पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे, तेव्हा जूनमधला ओंडका आणि जानेवारीतला ओंडका एकाच दिशेचा नसतो.

प्लास्टिक आणि फायबरकडे जास्त लक्ष द्या. लाकूड कुजतं, पोखरलं जातं, बुडतं, प्लास्टिक वर्षानुवर्षं तरंगतं. २०११ च्या त्सुनामीत जपानच्या मिसावाहून सुटलेला एक तरंगता धक्का जून २०१२ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्याला लागला, वर जिवंत बार्नेकल, खेकडे, ॲम्फिपॉड सगळे, आणि त्या त्सुनामीच्या एकूण ढिगाऱ्यावर पुढच्या काही वर्षांत जवळपास ३०० जपानी प्रजाती पॅसिफिक पार करून पोचल्याची नोंद झाली.

म्हणून अनोळखी जीव दिसले तर वस्तू परत पाण्यात ढकलू नका. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या जागी ओढून ठेवा आणि फोटो जवळच्या कॉलेजच्या प्राणीशास्त्र विभागात दाखवा. मालवणच्या सागरी अभयारण्यात असाल तर फक्त बघा आणि फोटो काढा, तिथून काहीही उचलायचं नाही.