हॅमॉक कॅम्पिंग आणि डास-गोचीड-मुंग्या: या चुका टाळा

मच्छरदाणी नीट लावली होती, तरी सकाळी अंगावर गांधी उठल्या. अशा वेळी दाणीला शिव्या देण्याआधी गांधी नेमक्या कुठे आहेत ते बघा. पाठीवरच्या चाव्यांचं कारण वेगळं आणि घोट्यावरच्यांचं वेगळं. हॅमॉक म्हणजे शेवटी मोठ्यांची झोळीच. तिला खालून, वरून, दोन्ही टोकांच्या दोऱ्यांवरून अशी चारी बाजूंनी वाट असते, आणि चावे कुठे आहेत त्यावरून कुठली वाट उघडी राहिली ते कळतं. म्हणून पुढच्या चुका शरीराच्या भागांप्रमाणे लावल्या आहेत. उदाहरणं सह्याद्री, कोकण आणि गोव्यातली आहेत.

पाठ, कुल्ले, मांड्यांची मागची बाजू

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. बाजारातल्या बहुतेक हॅमॉकना वरून चेन लावायची जाळी असते. खाली मात्र पॅराशूट कापडाचा एकच थर. तुमच्या वजनाने ते कापड ताणून अंगाला चिकटतं आणि डासाची सोंड त्यातून आरपार जाते. जाळी शाबूत, चेन बंद, आणि डास खालून निवांत जेवतात. कापड जितकं पातळ आणि हलकं, तितकं त्यांचं काम सोपं.

उपाय तीन आहेत, हवामान बघून निवडा.

थंडीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावर, पाठीखाली १० मिलिमीटरची फोमची चटई घाला. चटईवर डास चावू शकत नाही आणि पाठ गारही पडत नाही. पण चटई साधारण ५०-६० सेंटिमीटर रुंद असते आणि हॅमॉक दोन्ही बाजूंनी अंगाला गुंडाळतो, त्यामुळे खांदे चटईबाहेर पडतात. सकाळी दोन्ही दंडांवर सरळ रेषेत चावे दिसले तर समजायचं, चटई अरुंद पडली. दोन थरांचा हॅमॉक असेल तर चटई थरांच्या मध्ये सरकवा, ती रात्री निसटत नाही.

कोकणात किंवा एप्रिल-मेमध्ये चटईवर घाम सुटतो. तिथे हॅमॉक पूर्ण पोटात घेणारी, मोज्यासारखी गोल जाळी हवी. ती शिवून घेणार असाल तर माप असं घ्या: हॅमॉक बांधून त्यात झोपा आणि दुसऱ्याला तुमच्या कंबरेखालून सुतळी घालून, हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये वरून बांधलेल्या दोरीवरून सैल फिरवायला सांगा. त्या मापात ३० सेंटिमीटर वाढवा, तो घेर झाला. लांबी हॅमॉकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोन्हीकडे नाडी ओवण्यापुरती दुमड सोडून. नाडी आवळताना ती दोरीवर घट्ट बसली पाहिजे, बोटभर फटसुद्धा चालत नाही.

तिसरा उपाय म्हणजे हॅमॉकच्या खालच्या बाजूला परमेथ्रिन हे कीटकनाशक. ०.५ टक्क्याचा, कपड्यांसाठीचाच तयार फवारा घ्या. गच्चीत, सावलीत हॅमॉक टांगा, हातमोजे घाला, वारा पाठीमागून येऊ द्या आणि १५-२० सेंटिमीटरवरून कापड ओलसर होईल इतकं सावकाश मारा. पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका; कोरड्या हवेत दोन-चार तास, दमट हवेत रात्रभर. साधारण सहा आठवडे किंवा सहा धुणी टिकतं, उन्हात पडून राहिलं तर लवकर उतरतं. ओलं परमेथ्रिन मांजरांना जिवावर बेतू शकतं, मासे आणि मधमाश्यांनाही घातक आहे. त्यामुळे फवारणी घरीच उरका, ओढ्याकाठी नको.

इथे दोन घोटाळे हमखास होतात. खरजेसाठी मिळणारं ५ टक्क्यांचं परमेथ्रिन क्रीम कापडाला फासलं जातं. ते त्वचेचं औषध आहे, कापडावर त्याचा नुसता राडा होतो. दुसरा घोटाळा जास्त वाईट: शेतीच्या दुकानातलं कीटकनाशक पाण्यात मिसळून फवारणं. त्यातले द्रावक रात्रभर अंगाला लावून ठेवण्यासाठी नसतात. कपड्यांसाठीचा फवारा मिळाला नाही तर परमेथ्रिनचा नाद सोडा आणि गोल जाळी घ्या.

कोपर, गुडघे, कपाळ

जाळी अंगाला टेकली. डासाला आत यायची गरजच नाही, जाळीवर बसून तो टेकलेल्या कोपरावर ताव मारतो. मूळ कारण बहुधा हॅमॉक ताणून बांधणं. ताणला की कडा वर येतात, माणूस मध्ये केळीच्या सालीत गुंडाळल्यासारखा पडतो आणि जाळी तोंडावर येते.

हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये वरून एक ठरावीक लांबीची दोरी बांधा. तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या ८३ टक्के: ३ मीटरच्या हॅमॉकला अडीच मीटर, ३.३ मीटरच्याला २ मीटर ७४ सेंटिमीटर. दोरी पॉलिएस्टर किंवा डायनीमा या मजबूत धाग्याची घ्या, नायलॉन ओलं झालं की ताणतं. झाडाकडचा पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करेल असा ठेवा. झाडं साडेचार मीटर अंतरावर असतील तर पट्टा खोडावर पावणेदोन मीटरच्या आसपास येतो आणि बसण्याची जागा जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर राहते. मग जाळी या दोरीवरून तंबूसारखी पडते. झोपताना मधल्या रेषेपासून तिरके झोपा, डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या. पाठही सरळ राहते आणि गुडघ्यापाशी जाळीला जागा मिळते.

घोटे आणि मनगटं

हे चावे हॅमॉकमधले नाहीतच. संध्याकाळी चूल पेटवताना, भांडी घासताना, पट्टे बांधताना ते बसले आणि रात्री खाजायला लागले. आंघोळीनंतर अर्धी चड्डी आणि चपला घालून फिरणं हे त्याचं कारण. उजेड कमी व्हायच्या आत फुल पँट, मोजे आणि सैल, फिक्या रंगाचा फुल शर्ट चढवा. काळ्या-निळ्या कपड्यांकडे डास जास्त येतात.

अंगाला लावायचं डासांचं औषध फक्त रात्रीचं, हाही गैरसमज. मलेरियाचा ॲनोफिलिस संध्याकाळ ते पहाट चावतो. डेंग्यूचा एडिस मात्र दिवसाचा, सकाळी आणि मावळतीआधी जोरात. दुपारी जाळीशिवाय हॅमॉकमध्ये तासभर डुलकी काढणारे त्याच्याच तावडीत सापडतात.

आत शिरताना निम्मी चूक होते. डोक्यावर टॉर्च चालू, चेन पूर्ण उघडी, एक पाय बाहेर, बूट काढणं सुरू. तेवढ्यात पाच-सहा डास आत. क्रम असा ठेवा: बूट आधी काढून वरच्या दोरीला उलटे टांगा, टॉर्च बंद करा, चेन फक्त कंबरेएवढी उघडा, पाठ वळवून बसा, पाय आत घ्या, चेन बंद करा. मग टॉर्च लावून आतले डास टिपा. लाल दिवा असेल तर तोच वापरा. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका, विंचू काही वर्दी देऊन येत नाही.

सगळीकडे बारीक लाल ठिपके

खाडीकाठी, कांदळवनाजवळ किंवा वाळूच्या पट्ट्यावर तळ टाकला असेल तर हे डास नव्हेत, केमरे किंवा चिलटं. एक ते तीन मिलिमीटरचा जीव, आणि घरगुती मच्छरदाणीच्या भोकातून सहज आत येणारा. साधारण मच्छरदाणीला चौरस इंचाला १५६ भोकं असतात. या किड्यांसाठी चौरस इंचाला ५००-६०० भोकांची बारीक जाळी लागते. बारीक जाळीत वारा कमी लागतो, गरम होतं, हे मान्य करूनच ती घ्यावी.

चिलटं उडायला अगदी दुबळी असतात. झुळूक लागली की ती जमिनीलगत दबून बसतात. म्हणून जागेची निवड जाळीपेक्षा जास्त कामाची. ओढ्याच्या खोलगट जागेपेक्षा धारेवर, वाऱ्याला तोंड करून बांधा. किल्ल्यावर असाल तर पाण्याच्या टाक्यांपासून आणि पाणी साचलेल्या ढोलीच्या झाडांपासून शंभर पावलं तरी लांब. टाक्याशेजारची सपाट जागा बघून मोह होतो, पण डासांची पैदास तिथेच असते.

वारा नसला म्हणून हॅमॉकखाली डासांची कॉइल पेटवू नका. ठिणगीने नायलॉनला छिद्र पडतं, ताडपत्रीखाली कोंडलेला धूर तुमच्याच नाकात जातो. लावायचीच असेल तर स्वयंपाकाच्या जागी, दगडावर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. बंद जाळीत घरचा डास मारण्याचा फवारा मारणं तर त्याहून वाईट.

मान आणि खांदे, आणि तेही आग लागल्यासारखे

मुंग्या. त्या पट्ट्यावरून चालत येतात. कोकणातले ओंबील, गोव्यातले हुमले, म्हणजे पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या, आंबा, काजू, फणसावर हमखास असतात. अळ्यांच्या रेशमाने शिवलेला पानांचा गोळा दिसला की ते झाड सोडा. या मुंग्या आधी चावतात आणि मग त्याच जखमेत आम्ल सोडतात, म्हणून आग होते. तुमचा पट्टा त्यांच्या लेखी एक नवी फांदी. काळ्या मुंगळ्यांचंही तेच, फक्त ते रात्री येतात.

पट्टा बांधण्याआधी खोडाला मूठ ठोका आणि मिनिटभर बघा. त्याच वेळी मान वर करून फांद्यांखाली आग्या मोहोळ लटकलं आहे का तेही बघायचं. दिसलं तर मुकाट्याने सामान उचला, तिथे चूल पेटवायची नाही. पट्ट्यावर खोडाजवळच्या ३० सेंटिमीटरला परमेथ्रिन मारलेलं असलं की मुंग्यांची रांग तिथेच मोडते. नसेल तर कॅराबिनरला, म्हणजे पट्टा आणि हॅमॉक जोडणाऱ्या धातूच्या कडीला, बोटभर पेट्रोलियम जेली फासा. धातूलाच लावा, पट्ट्याला लावली तर धूळ चिकटून पट्टा झिजतो. ताडपत्रीच्या दोऱ्या आणि जाळीची नाडी हॅमॉकला कुठे टेकत असतील तर तीही वाटच, तिथेही जेली.

आणि चिक्की, खजूर, फरसाण हॅमॉकच्या खिशात ठेवून झोपू नका. खाऊची पिशवी दुसऱ्या झाडाला, वेगळ्या दोरीवर.

कंबरपट्टा, काखा, गुडघ्यामागची लवण

हॅमॉकवाल्यांना वाटतं, आपण जमिनीवर झोपत नाही, म्हणजे गोचिडाचा प्रश्न मिटला. पण गोचीड गवतातून बुटावर चढतं, ते दिवसा. झोपायच्या आधी केसांची मुळं, कानामागे, काखा, जांघा, बेंबी, पायांची बोटं एकदा चाचपा. दिवसभर पँट मोज्यात खोचलेली असू द्या. हॅमॉकखालच्या गवतावर बसून जेवणं आणि तिथेच शर्ट पसरणं बंद करा.

हे नुसत्या खाजेपुरतं नाही. १९५७ साली कर्नाटकात शिवमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप गोचिडातून पसरतो. गोव्यात सत्तरी आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात तो पोचला आहे. जोर डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका ट्रेकचा हंगाम. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वन किंवा आरोग्य खात्याला कळवा आणि तिथे मुक्काम करू नका. पावसाळ्यात आणि पाऊस सरताना गवतातल्या बारीक किड्यांच्या अळ्यांमुळे स्क्रब टायफस हा तापाचा आजार होतो. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याचे बरेच रुग्ण सापडले. चावलेल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरणं ही त्याची खूण, मात्र ती प्रत्येकाला दिसत नाही.

रुतलेल्या गोचिडावर घासलेट, चुना, तंबाखूचं पाणी, पेटती काडी, हे सगळं विसरा. त्याने गोचीड सुटत नाही, उलट जखमेत लाळ सोडतं. टोकदार चिमट्याने त्याला त्वचेलगत धरून, न पिळता, सरळ वर ओढा. मग साबण-पाणी.

परतल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात मुक्काम केल्याचं आणि कुठल्या तालुक्यात ते आपणहून सांगा. नुसता "व्हायरल" म्हणून पॅरासिटामॉलवर दिवस काढू नका.

औषध सामान खातं, तेव्हा

डीट, म्हणजे अंगाला लावायचं किडे पळवणारं औषध, २०-३० टक्क्यांचं असेल तर ते डासांवर आणि गोचिडांवर चांगलं चालतं, पण प्लास्टिक विरघळवतं. औषधाच्या हाताने टॉर्च, घड्याळ, गॉगल धरलात की काच धुरकट होते, रबराची पकड चिकट पडते. नायलॉन, सुती आणि लोकरीला त्याचा त्रास नाही, स्पँडेक्स आणि रेयॉनला आहे. त्याच कामाचं पिकारिडिन २० टक्के घेतलं तर हा प्रश्नच येत नाही. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने तयार केलेलं डेपाही आहे, माकडतापाच्या भागात तेच तेल वाटतात. सनस्क्रीन आधी, पंधरा-वीस मिनिटांनी औषध. दोन्ही एकत्र कालवू नका. चेहऱ्यावर थेट फवारू नका, तळहातावर घेऊन लावा आणि लगेच तळहात पुसा. कपड्याखालच्या त्वचेला लावायची गरज नाही. घाम आला की पुन्हा लावावं लागतं. बाटली सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात, दुहेरी पिशवीत, उभी.

जाळीचं भोक सेफ्टी पिनने अडवू नका, ते वाढत जातं. दोन्ही बाजूंनी कापडी चिकटपट्टीचे गोल तुकडे लावा, घरी आल्यावर बारीक दोऱ्याने रफू करा. चेन अडकली तर तेल नको, मेणबत्ती घासा. आणि पावसाळी ट्रेकहून आलात की जाळी त्याच रात्री दोरीवर पसरा, पिशवीत दमट राहिली तर आठवड्यात बुरशीचे ठिपके धरतात.