क्लचचा हट्टी नट कसा सोडवावा

मे महिन्यात अमळनेरला भर दुपारी पत्र्याच्या शेडखाली इंजिन खोलायला बसू नये. मी बसलो, कारण सुट्टी तेव्हाच होती. गाडी वडिलांची, यामाहा आरएक्स १००. ही गाडी १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं निघाली, तरी आमच्याकडे खेड्यापाड्यांत अजून दुधाचे कॅन वाहते. हेड, सिलिंडर, मॅग्नेट सगळं सकाळीच उतरलं. क्लचचा नट मात्र दोन दिवस जागचा हलला नाही. शेवटी मी नटाच्या कोपऱ्याला छिन्नी लावून हातोडा मारला. छिन्नी सटकली आणि हबवरचा (प्लेटा ज्याच्या खाचांत बसतात तो क्लचचा आतला भाग), स्प्रिंग बसते तो ॲल्युमिनियमचा खांब टचकन तुटला. गल्लीतले मिस्त्री काका आले, तुटका तुकडा हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "भो, पहिले देख, मंग ठोक."

तर पहिले देखायचं काय?

गीअर ऑइल काढून, किक उतरवून उजव्या बाजूचं कव्हर खोला. स्प्रिंगचे बोल्ट एकदम एकच न सोडता आडवे-तिरपे थोडेथोडे ढिले करा, प्रेशर प्लेट काढा आणि प्लेटा आल्या त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. हब ज्या दांड्यावर बसतो त्या शाफ्टच्या पोकळीतून पुश रॉड, म्हणजे प्रेशर प्लेट ढकलणारी सळी, निघेल. त्याच्यासोबत एक बारीक स्टीलची गोळी असते. ती हमखास घरंगळते, म्हणून खाली परात ठेवा. मला ती दोनदा शेडच्या मातीत शोधावी लागली आहे.

आता नट दिसतो. खरकटं तेल पुसा आणि बॅटरीच्या उजेडात नीट पाहा. नटाखाली लॉक वायसर असेल तर त्याचा कान नटाच्या सपाट बाजूवर वाकवलेला असतो. तो आधी पूर्ण सरळ करा. अर्धवट सरळ केलेला कान नटाला ब्रेकसारखा धरून बसतो. काही गाड्यांत वायसर नसतो, नटाची कडच शाफ्टच्या खाचेत ठोकून दाबलेली असते. ती बारीक पंचने उचला आणि बसवताना नवा नट घ्या.

तिसरी गोष्ट म्हणजे आटे. बहुतेक नट सरळ आट्याचे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवून सुटणारे असतात. काही गाड्यांत उलटे आटे असतात. शाफ्टचं टोक नटाबाहेर दिसतं, तिथे खात्री करता येते. शाफ्ट उभा आहे असं समजा. समोरचे आटे डावीकडून उजवीकडे चढत असतील तर सरळ, उजवीकडून डावीकडे चढत असतील तर उलटे.

गंज सोडवायचा स्प्रे मारण्यात वेळ घालवू नका. हा क्लच कायम तेलात असतो, तिथे गंज धरतो कुठून? नट अडतो तो आधीच्या माणसाने पाइप लावून आवळल्यामुळे, वायसरच्या कानामुळे किंवा आट्यांना लावलेल्या थ्रेडलॉकमुळे, म्हणजे आटे चिकटवून धरणाऱ्या द्रवामुळे. आणि पुष्कळदा नट अडलेलाच नसतो. पाना फिरवला की नट, हब आणि शाफ्ट असे तिघं मिळून फिरतात आणि जोर हवेत जातो. म्हणून जोर वाढवण्याआधी हब घट्ट धरायचा कसा, ते ठरवा.

इंजिन चेसिसमध्येच असेल तर सोपं आहे. चेन लावलेली ठेवा, गाडी टॉप गीअरमध्ये टाका आणि एकाला मागच्या ब्रेकवर उभं करा. टॉपच का? पहिल्या गीअरमध्ये तुमचा जोर चाकापर्यंत जाताना कित्येक पटींनी वाढतो, ब्रेकला तो पेलत नाही आणि चाक घसरतं. टॉपमध्ये तो सगळ्यात कमी वाढतो.

इंजिन टेबलावर असेल तर मला आवडणारा उपाय म्हणजे घरचं हत्यार. जुन्या क्लचच्या दोन स्टील प्लेटा एकावर एक ठेवून वेल्डिंगवाल्याकडून त्यांना हातभर लांब लोखंडी पट्टी जोडून घ्या. प्लेटचे आतले दात हबच्या खाचांत बसतात, म्हणून हबच थेट धरला जातो, गीअरच्या दातांवर ताण येत नाही. एक प्लेट पुरत नाही; ॲल्युमिनियमच्या खाचांना ओरखडे पडतात.

दोन गीअरच्या दातांत तांब्याचा तुकडा अडकवायची युक्ती सगळे सांगतात. ती क्रँकवरच्या छोट्या गीअरचा नट सोडायला चालते. क्लचच्या नटाला मात्र तिचा उपयोग नाही, कारण त्याने हाउसिंग, म्हणजे क्लचचं बाहेरचं भांडं, थांबतं. आतला हब प्लेटा काढल्यावर मोकळाच फिरत असतो.

हब धरला की सहा कोनांची गोटी (सॉकेट) घ्या. बारा कोनांची गोटी कोपऱ्यांवरच बसते आणि नट गोल करते. गोटी तळापर्यंत दाबून एका हाताने धरा आणि मग लांब दांडा लावा. मीटरभर पाइपच्या टोकाला २० किलोचा जोर दिला तर नटावर सुमारे १९६ न्यूटन-मीटर पडतात. या आकाराच्या नटाला ते पुष्कळ झाले, म्हणून उड्या मारायची गरज नाही. झटका न देता दाब वाढवत जा. सुटताना 'कट्' असा एकच आवाज येतो, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काहीतरी तुटलं असंच वाटतं.

तरीही नाही हलला तर इम्पॅक्ट रेंच, म्हणजे झटके देत नट फिरवणारं यंत्र. ट्रकचे टायर काढणाऱ्यांकडे हवेवरचा असतो, इंजिन गोणीत घालून तिकडे नेता येतं. दोन-तीन सेकंदांचे झटके द्या. घट्ट करायला मात्र तो कधीही वापरू नका. नाहीतर पुढच्या वेळी हाच लेख पुन्हा वाचावा लागेल. थ्रेडलॉकची शंका असेल तर हॉट एअर गनने फक्त नट तापवा. पेट्रोलने धुतलेलं इंजिन पूर्ण वाळेपर्यंत गन जवळही आणू नका, आणि ऑइल सील रबराचं आहे हे ध्यानात ठेवा.

नट गोल झाला असेल तर त्यावर मोठा नट वेल्ड करून घेता येतो. एकच अट आहे: वेल्डिंगच्या अर्थिंगचा क्लॅम्प त्याच शाफ्टवर किंवा नटावर लावायला सांगा, क्रँककेसवर (इंजिनच्या बाहेरच्या खोक्यावर) नाही. नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पडतात. वेल्डची धग मिळाल्यावर नट सहसा निमूट सुटतो.

नट निघाल्यावर हब हळू ओढा. त्याच्या मागे एक पातळ थ्रस्ट वायसर असतो. तो तेलामुळे हबला चिकटून येतो आणि मग टेबलाखाली पडतो. बसवताना नवा लॉक वायसर घ्या, नट टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच आवळा, वायसरचा कान नटाच्या सपाट बाजूवर वाकवा आणि प्लेटा भरायच्या आधी पुश रॉडची गोळी जागेवर आहे ना ते एकदा बोटाने चाचपून पाहा.