लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही? आधी रॅम बघा

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेमिंग विसरा असं लोक सरसकट सांगतात, मला ते अजिबात पटत नाही. ऑफिसचं काम, व्हिडिओ कॉल, ४के व्हिडिओ, बाहेरचा एखादा मॉनिटर, एवढं तर गेल्या काही वर्षांतलं कुठलंही इंटिग्रेटेड ग्राफिक्स, म्हणजे प्रोसेसरच्या चिपमध्येच असलेलं ग्राफिक्स, आरामात करतं. अशा कामात लॅपटॉप अडकत असेल तर बहुतेक वेळा रॅम कमी पडत असते नाहीतर आत अजून जुनी हार्ड डिस्क असते, तिथे एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान स्टोरेज टाका.

गेमचं गणित वेगळं आहे. इंटिग्रेटेड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते लॅपटॉपच्या रॅमवरच चालतं आणि प्रोसेसरपण त्याच रॅममधून डेटा ओढत असतो, त्यामुळे रॅम किती जीबी आहे याच्याइतकंच ती किती वेगाने डेटा देते हे बघावं लागतं. डीडीआर४ ३२०० या प्रकारच्या रॅमची एकच स्टिक (पट्टी) असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी, दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन्हीतून एकाच वेळी डेटा येत असेल तर ५१.२, सरळ दुप्पट. इंटेलच्या ११व्या जनरेशनमध्ये तर आयरिस एक्सई हे इंटेलचं जास्त ताकदीचं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर असूनही एकाच स्टिकवर विंडोज नुसतं यूएचडी ग्राफिक्स असं साध्या ग्राफिक्सचं नाव दाखवतं!

म्हणून सगळ्यात आधी कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, तिथे स्पीड आणि किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. दोनपैकी एकच भरला असेल तर दुसऱ्यात तेवढ्याच जीबीची, त्याच प्रकारची आणि स्पीडची स्टिक टाका. सेटिंगमध्ये खटपट करायच्या आधी हे करा, याचा फायदा मोठा असतो. सगळी रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असेल आणि स्लॉटच नसेल तर मात्र नंतर काही करता येत नाही, म्हणून नवीन घेताना हे आधीच विचारा.

मग रिझोल्यूशन, म्हणजे चित्र किती पिक्सेलचं काढायचं ते. १०८०पीमध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल काढावे लागतात, ७२०पीमध्ये ९.२ लाख, म्हणजे निम्म्याहून कमी. गेममध्ये एफएसआर किंवा एक्सईएसएस (कमी पिक्सेलमध्ये काढलेलं चित्र मोठं करून दाखवणारे पर्याय) असेल तर ते आधी चालू करून बघा, चित्र ७२०पीपेक्षा बरं दिसतं. शॅडो (सावल्या) सगळ्यात खाली आणा, व्ही-सिंक, म्हणजे गेमचा वेग स्क्रीनशी जुळवणारी सेटिंग, यामुळे माउस जड वाटत असेल तर ती बंद करा.

चार्जर लावूनच खेळा आणि पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर ठेवा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपमध्ये असल्यामुळे वीज पण वाटून घेतात, पातळ लॅपटॉपमध्ये दोघांना मिळून १५ ते २८ वॅटच असतात, त्यामुळे एफपीएसला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याला मर्यादा घाला. गेम ४५ ते ७० एफपीएसमध्ये उड्या मारत असेल तर ४५ ला लॉक करा, गरम कमी होतं आणि हाताला खूप स्मूथ लागतं.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, ग्राफिक्सला जास्त मेमरी द्यायचा पर्याय दिसला तर लगेच वाढवू नका, कारण विंडोज लागेल तशी रॅम ग्राफिक्सला देतंच आणि तिथे बाजूला काढलेली बाकीच्या कामाला मिळत नाही. मेमरी कमी आहे म्हणून एखादा गेम सुरूच होत नसेल तेव्हाच ते वाढवा, तेही एकूण १६ जीबी असेल तर.